एक्सपाथ : तक्त्यातील घटकांचा शोध
एक्सएमएल व एचटीएमएल दस्तऐवजांच्या वृक्षरचनेतील घटक नेमके दाखवणारी भाषा. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने तिची १.० आवृत्ती १६ नोव्हेंबर १९९९ रोजी शिफारस म्हणून प्रसिद्ध केली. एचटीएमएल तक्त्यातील ओळ ‘टीआर’ आणि कप्पा ‘टीडी’ या टॅगने ओळखतात. एक्सपाथमध्ये घटकांची मोजणी शून्यापासून नव्हे, १ पासून होते. नुसत्या क्रमांकावर विसंबणे मात्र धोक्याचे, कारण वर एखादी ओळ वाढली की पत्ता चुकतो. त्यापेक्षा ओळखीचा मजकूर असलेला कप्पा गाठून ‘फॉलोइंग-सिब्लिंग’ अक्षाने शेजारच्या कप्प्याकडे जाणे कितीतरी भरवशाचे. मूळ एचटीएमएलमध्ये तक्त्याच्या ओळींना वेढणारा ‘टीबॉडी’ हा टॅग नसला तरी ब्राउझर तो स्वतः घालतो. म्हणून ब्राउझरमधून उचललेला घटकाचा पूर्ण मार्ग कच्च्या स्रोतावर चालवल्यास अनेकदा काहीच हाती लागत नाही.