सिडनहॅम आशियातलं पहिलं कॉमर्स कॉलेज? त्याच्या ३८ वर्षं आधी टोकियोत वर्ग भरत होते

मांडव्याच्या जेट्टीवर गेटवेच्या बोटीची वाट बघत होतो, तेवढ्यात ग्रुपवर फॉरवर्ड आला. चर्चगेटचं सिडनहॅम म्हणजे आशियातलं पहिलं कॉमर्स कॉलेज. अभिमान वाटला, शेअरही करणार होतो. मग साल तपासलं.

सिडनहॅम सुरू झालं १९१३ मध्ये. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांचं नाव त्याला दिलं गेलं. १९१८ ते १९२० या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे अर्थशास्त्र शिकवत होते, आणि त्या पगारातून पैसे साठवून ते पुढच्या शिक्षणासाठी पुन्हा लंडनला गेले. इथवर सगळं खरं. गडबड आहे ती 'आशियातलं' या शब्दात.

कारण टोकियोत १८७५ मध्येच व्यापार शिकवणारी शाळा निघाली होती. कुठे? गिन्झा भागातल्या एका खाद्यपदार्थांच्या दुकानाच्या माडीवर! काढणारे होते मोरी आरिनोरी, जे पुढे जपानचे शिक्षणमंत्री झाले.

गरज का पडली? बंदरं परदेशी व्यापाराला खुली झाली, पण योकोहामातला व्यवहार परदेशी पेढ्यांच्या हातात. त्यांची हिशेबाची पद्धत वेगळी, भाषाही वेगळी. फुकुझावा युकिची यांनी १८७३ मध्येच अमेरिकन हिशेबलेखनाचं पुस्तक जपानीत आणलं होतं. या शाळेसाठी लोकांना आवाहनही त्यांनीच लिहिलं. लढाईला जायचं तर तलवार शिकता, मग व्यापाराच्या लढाईला न शिकता कसे जाणार, असा त्यांचा सवाल होता.

शिकवायला अमेरिकेहून विल्यम व्हिटनी सहकुटुंब आले. पण मोरींची लगेच चीनला राजदूत म्हणून रवानगी झाली आणि शाळा पोरकी झाली. १८८१ मध्ये तर स्थानिक प्रतिनिधींनी तिचा खर्चच नामंजूर केला. दुकानदारी शिकवायला सरकारी पैसा कशाला, हा प्रश्न तिकडेही होताच म्हणायचा. उद्योगपती शिबुसावा एइची मात्र मागे उभे राहिले, सरकारी मदत मिळाली आणि शाळा तगली. आजचं हितोत्सुबाशी विद्यापीठ ते हेच. (जपानच्या १० हजार येनच्या नोटेवर २०२४ पर्यंत फुकुझावा होते, आता शिबुसावा आहेत.)

चीनची गोष्ट आपल्याला जास्त जवळची. तिथल्या शान्सी प्रांतातल्या हुंडीच्या पेढ्यांवर उमेदवारीला आलेली पोरं काम करता करताच हिशेब शिकायची. आपल्याकडे किर्द-खतावणी अशीच पेढीवर बसून शिकली जायची, मोडीत लिहून. चीनच्या सरकारी शिक्षणव्यवस्थेत व्यापारी शाळांना जागा मिळाली ती १९०४ च्या सुमारास.

आणि मुंबईत तरी सिडनहॅमच पहिलं होतं का? सोहराब दावर यांनी १९०० मध्येच इथे व्यापारी शिक्षणाचे वर्ग सुरू केले होते. पण ती खासगी संस्था होती. सिडनहॅम सरकारी, आणि विद्यापीठाची बी.कॉम. पदवी देणारं. त्यामुळे 'भारतातलं पहिलं कॉमर्स कॉलेज' असं लिहिलंत तर कुणी हरकत घेणार नाही.

ग्रुपवर मी एवढंच टाकलं, १८७५. अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.