चाटण विटेची कुळकथा

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढू लागलं की श्रावणात हिरवळ डोळ्यांत मावत नाही. त्याच उतारांवर दिवसभर चरून आलेली गाय मात्र कधी गोठ्याची भिंत चाटते, कधी चिंध्या चघळते. वेळेवर माजावर येत नाही. आली तर माज मुका, आणि भरवली तरी उलटते. पोट भरलेलं असतं, पण अंगाला हवं ते मिळालेलं नसतं.

याचं एक मूळ जमिनीत आहे. सह्याद्रीचा धो धो पाऊस मातीतलं कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन नेतो. जांभ्या मातीत मागे उरलेलं लोह आणि अॅल्युमिनियम स्फुरदाला असं धरून ठेवतं की ते गवताच्या मुळांना मिळत नाही. चाऱ्यातून लोह अति गेलं तर तांबंही अंगी लागत नाही. उन्हाळ्यात भाताचा पेंढा. त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं.

गुरांना मीठ लागतं, हे पेण-उरणच्या मिठागरांच्या जिल्ह्याला नव्यानं सांगायला नको. पण मिठातून स्फुरद मिळत नाही, तांबं-जस्तही पुरेसं मिळत नाही.

ही उणीव भरून काढणाऱ्या चाटण विटेचा पहिला पूर्वज म्हणजे हाडांचा चुरा. दक्षिण आफ्रिकेत चरणारी गुरं मेलेल्या जनावरांची हाडं चघळत आणि त्यातल्या विषानं लुळी पडून मरत. पशुवैद्य आर्नोल्ड थायलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२०च्या दशकात दाखवून दिलं की ही ओढ गवतात स्फुरद नसल्यामुळे आहे. हाडांचा चुरा खाऊ घातल्यावर चघळणं कमी झालं, आणि गायी अधिक विऊ लागल्या. वंध्यत्वाची मुळं कुरणात शोधायला हवीत, हे तिथे कळलं.

दुसरा पूर्वज पश्चिम ऑस्ट्रेलियातला. डेन्मार्क नावाच्या गावाजवळ गुरं हिरव्या कुरणात झिजून मरत. लिमोनाइट हे लोहखनिज दिलं की बरी होत, म्हणून सगळे लोहाला श्रेय देत. संशोधक एरिक अंडरवूड आणि फिल्मर यांनी त्यातलं लोह वेगळं काढलं, तरी गुण आला. १९३५मध्ये खरा उपकारकर्ता सापडला: त्यात अत्यल्प असलेलं कोबाल्ट. गुरांच्या पोटातले जिवाणू त्यापासूनच बी-१२ जीवनसत्त्व बनवतात.

भारतात ही कुळी क्षार मिश्रण म्हणून आली. त्याच्यासाठी आयएस १६६४ हे मानक आहे. बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण आणि शरीरक्रिया संस्थेनं माती, चारा आणि रक्त तपासून भागाभागानुसार मिश्रणं सुचवली. हा विचार मोलाचा आहे, कारण घाटमाथ्याची उणीव विदर्भाची नसते.

२०१८मध्ये नोंद झालेली कोकण कपिला ही इथली बुटकी, काटक गाय. मोकळं चरणाऱ्या अशा गायींना आंबोण क्वचितच मिळतं, त्यामुळे मिश्रण कालवायचं कशात? म्हणून वीट: मळी, क्षार आणि कोंडा दाबून केलेली, गोठ्यात कोरड्या जागी टांगलेली. जंत आणि उपासमार यांवर ती उतारा नाही. पण गाय वांझ ठरवून विकण्याआधी ही साधी गोष्ट करून पाहायलाच हवी. मात्र विटेत युरिया घातलेला असेल तर ती लहान वासरांपुढे ठेवायची नाही.