बीडवरून गेलेली सावली

शके १८१९ मधील पौषी अमावास्या, म्हणजे इंग्रजी तारीख २२ जानेवारी १८९८, वार शनिवार. त्या दिवशीं भर दुपारीं महाराष्ट्राच्या एका तिरप्या पट्ट्यांत दिवसाची रात्र झाली. चंद्राची सावली कोंकणच्या किनाऱ्यावर विजयदुर्गाजवळ जमिनीवर आली, सोलापूर जिल्ह्यांतील जेऊरवरून ईशान्येकडे वळली, वऱ्हाडांतील तळणीवरून पुलगांवाकडे गेली आणि पुढें बिहारांतील बक्सरच्या रोखानें निघून गेली. घरीं नकाशा असेल तर जेऊर आणि तळणी ह्या दोन ठिकाणांना जोडणारी एक रेघ ओढून पाहा. ती रेघ बीड जिल्ह्यांतून, धारूर-माजलगांवच्या बाजूनें जाते. सावलीचा पट्टा चाळीस-पन्नास मैल रुंद होता. म्हणजे बालाघाटच्या माथ्यावर आणि सिंदफणेच्या कांठच्या शेतांत त्या दुपारीं सुमारें दोन मिनिटें चांदणें पडलें असलें पाहिजे. चांदणें म्हणजे चंद्राचें नव्हे, ताऱ्यांचें.

हीं दोन मिनिटें कांहीं माणसांनीं काचेवर उतरवून ठेवलीं. त्यांतील बरीचशीं माणसें हौशी होतीं, पोटासाठीं आकाशाकडे पाहणारीं नव्हतीं. जेऊरला तळ पडला, तळणीला पडला, बक्सरला पडला. बीडच्या मुलखांत मात्र ह्या प्रसिद्ध तळांपैकीं एकहि नव्हता. ह्याला कारण आकाशाचें नाहीं, जमिनीचें आहे. विजयदुर्गाला सर नॉर्मन लॉकियर यांची मंडळी उतरली, कारण तेथें समुद्रमार्गानें जातां येत होतें. जेऊर हें पुणें-सोलापूर लोहमार्गावरचें स्टेशन, तळणी नागपूरकडील मार्गावरचें, आणि बक्सर गंगेकांठच्या मोठ्या मार्गावरचें. दुर्बिणीचे खटारे, आरसे, काचांच्या पेट्या आणि रसायनांच्या बाटल्या बैलगाडीच्या धक्क्यांवर सोंपविण्यास कोणता शहाणा तयार होईल? बीड त्या काळीं निजामच्या राज्यांत, आणि लोहमार्गापासून दूर. बीड शहरांत प्रवासी गाडी आली ती २०२५ सालीं. ग्रहणाची सावली त्याच्या सव्वाशें वर्षें आधीं येऊन गेली होती.

आतां कोणी म्हणेल, ग्रहण केव्हां लागेल हें आमच्या पंचांगांत असतेंच. मग काचेचा एवढा खटाटोप कशाला? शंका रास्त आहे. ग्रहणाचें गणित ह्या भूमीला परकें नव्हतें. भास्कराचार्यांनीं आपलें गांव सह्याद्रीजवळचें विज्जडविड असें सांगितलें आहे, आणि तें गांव म्हणजे बीडच, असें कांहीं विद्वानांनीं मानलें आहे. खानदेशांतील पाटण येथें त्यांच्या नातवाचा शिलालेख असल्यामुळें इतर कित्येक विद्वान् तिकडे बोट दाखवितात. तो वाद मी येथें उकरीत नाहीं. मुद्दा इतकाच कीं, सावली कोठें व केव्हां पडेल हें गणित सांगतें. सूर्यबिंब पूर्ण झांकल्यावर त्याच्या भोंवतीं जें मोतिया रंगाचें प्रभामंडळ दिसतें त्याचा आकार कसा असेल, हें सांगत नाहीं. तो आकार दर ग्रहणाला निराळा असतो. दोन मिनिटांत तो पाहावयाचा, लक्षांत ठेवावयाचा, कागदावर काढावयाचा. एकाच ठिकाणीं उभ्या असलेल्या दोन चित्रकारांचीं चित्रें शेजारीं ठेवलीं तर तीं एकाच सूर्याचीं आहेत असें वाटूं नये, इतका फरक पडे. काचेला उत्साह येत नाहीं आणि भीतीहि वाटत नाहीं, हा तिचा गुण.

ही विद्या मूळचीच हौशी लोकांची आहे. १८३९ सालीं दागेर यांची छायाचित्रणाची कृति पॅरिसमध्यें जाहीर झाली, आणि पुढच्याच वर्षीं न्यूयॉर्कमधील रसायनशास्त्राचे प्राध्यापक जॉन विल्यम ड्रेपर यांनीं चंद्राचें चित्र घेतलें. वीस मिनिटें चंद्राच्या मागोमाग यंत्र फिरवीत ठेवावें लागलें. कारण चंद्र थांबत नाहीं आणि पृथ्वीहि थांबत नाहीं. वॉरन डी ला रू यांचा धंदा कागद व छपाईचा. लुइस रदरफर्ड वकील. अँड्र्यू कॉमन गटारें व पाणीपुरवठा यांचे इंजिनिअर. त्यांनीं लंडनजवळच्या आपल्या घराच्या बागेंतून १८८३ सालीं मृगांतील तेजोमेघाचें असें चित्र घेतलें कीं, डोळ्यांना दुर्बिणींतून न दिसणारे तारे त्यांत उमटले. डोळा जें पाहतो तें पुढच्या क्षणीं विसरतो, काच मात्र प्रकाश सांठवीत राहते. हा शोध मोठ्या वेधशाळांच्या आधीं ह्या वकील-इंजिनिअर मंडळींच्या हातीं लागला.

जेऊरच्या तळावर पुण्याच्या सायन्स कॉलेजांतील प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला होते. भावनगरच्या तख्तसिंहजी महाराजांच्या देणगींतून कॉलेजांत जी वेधशाळा उभी राहिली, तिचे ते चालक. वीस इंच आरशाची तेथील दुर्बीण त्या काळीं हिंदुस्थानांत सर्वांत मोठी समजली जाई. अमेरिकेंतील लिक वेधशाळेचे कॅम्पबेल यांचाहि तळ तेथेंच होता. पुण्यामुंबईकडे प्लेगनें थैमान घातलेलें, त्या दिवसांत हें सर्व चाललें होतें, हें विसरतां येत नाहीं.

परंतु मला सांगावयाची आहे ती तळणीची गोष्ट. तेथें ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन ह्या हौशी ज्योतिर्विदांच्या संस्थेची एक तुकडी होती. तींत जॉन एव्हरशेड होते, जे पुढें कोडाईकानालच्या वेधशाळेंत आले, ई. वॉल्टर माँडर होते. आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅनी माँडर होत्या. अ‍ॅनीबाई केंब्रिजच्या गर्टन कॉलेजांत गणित शिकल्या, आणि १८९१ सालीं ग्रीनिच वेधशाळेंत हिशेब करण्याच्या कामावर महिना चार पौंडांवर लागल्या. १८९५ सालीं माँडर यांच्याशीं विवाह झाला आणि नोकरी सुटली, कारण विवाहित स्त्रियांना सरकारी नोकरींत राहतां येत नसे. नवरा वेधशाळेंत राहिला, बायको हौशी ठरली! त्यांनीं आकाशगंगेचीं चित्रें घेण्यासाठीं म्हणून एक लहानसा कॅमेरा करविला होता. भिंग अवघें दीड इंच व्यासाचें, केंद्रांतर आंखूड आणि दृष्टिक्षेत्र विशाल. रात्रीच्या आकाशासाठीं केलेलें हें यंत्र त्यांनीं तळणीला दुपारच्या सूर्याकडे रोखलें.

ह्यांतली युक्ति समजून घेण्यासारखी आहे. लांब दुर्बिणीनें सूर्य मोठा दिसतो, पण त्याचा प्रकाश तितकाच पसरून पातळ होतो. प्रभामंडळाचा सूर्यालगतचा भाग तेजस्वी असतो, बाहेरचा इतका मंद कीं, मोठ्या प्रतिमेंत तो काचेवर उमटतच नाहीं. आंखूड भिंगानें प्रतिमा लहान पडते, प्रकाश एकवटतो, आणि मंद भागहि पकडला जातो. आकाशगंगेचा पुसट पट्टा उमटविण्याची जी रीत, तीच येथें लागू पडली. तळणीच्या काचेवर सूर्यापासून निघालेला एक प्रकाशाचा झोत साठ लक्ष मैलांपर्यंत पसरलेला उमटला. तितका लांब झोत त्यापूर्वीं कोणाच्याहि चित्रांत आलेला नव्हता. मोठमोठ्या शासकीय तुकड्या मोठमोठीं यंत्रें घेऊन आल्या होत्या. हें काम दीड इंची भिंगानें केलें. लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीनें स्त्रियांना सभासद करून घेण्यास १९१६ साल उजाडावें लागलें; तेव्हां अ‍ॅनीबाई सभासद झाल्या.

बक्सरचीहि एक हकीगत सांगून टाकतों. तेथें लंडनचे प्रसिद्ध जादूगार नेव्हिल मॅस्केलिन यांनीं चलच्चित्राच्या यंत्रानें ग्रहण टिपलें. परतीच्या प्रवासांत ती फीत चोरीस गेली. हातचलाखी हा ज्याचा धंदा त्याच्याच पेटींतून फीत जावी, हा दैवाचा विनोद म्हणावयाचा.

ग्रहण दोन मिनिटांचें. रात्रीचें आकाश मात्र रोजचें. त्याची हौस लागलेला एक गृहस्थ त्याच सुमारास बीडकरांच्याच राज्यांत, हैद्राबादला होता. बीड हैद्राबाद राज्याचा जिल्हा होता तो १९५६ पर्यंत. म्हणून हा भाग परक्याचा समजूं नये. नवाब जफर जंग हे विलायतेंत शिकलेले उमराव. त्यांनीं स्वतःच्या पैशानें ग्रब यांच्या कारखान्याची पंधरा इंची दुर्बीण आणविली, आणि १९०१ मध्यें फिसलबंडा येथील आपल्या जागेंत वेधशाळा काढली. तिला निजामियाचें नांव द्यावें, आणि आपल्या पश्चात् ती सरकारनें चालवावी, अशी त्यांची निजामांना विनंति होती. १९०७ सालीं ते वारले. १९०८ सालीं सरकारनें वेधशाळा ताब्यांत घेऊन बेगमपेठेस नेली. श्रीमंतांच्या हौशी बहुधा त्यांच्याबरोबर जातात. ही राहिली, आणि तिचें श्रेय जितकें नवाबसाहेबांच्या अर्जाला तितकेंच तो मान्य करणाऱ्यांनाहि दिलें पाहिजे.

नवाबसाहेबांच्या संग्रहांत आठ इंच भिंगाची, केवळ छायाचित्रें घेण्याची एक दुर्बीण होती. तिनें पुढें नांव काढलें. १८८७ सालीं पॅरिसला जगांतील ज्योतिर्विदांनीं एकत्र येऊन सबंध आकाशाचें छायाचित्र घेण्याचा संकल्प सोडला होता, आणि आकाशाचे पट्टे करून निरनिराळ्या वेधशाळांना वांटून दिले होते. दक्षिण आकाशांतील १७ ते २३ अंशांचा पट्टा चिलीमधील सांतियागोकडे होता. तो तेथें पुरा झाला नाहीं. तें काम हैद्राबादनें उचललें. हस्त नक्षत्राचा बराचसा भाग आणि अनुराधेचे तारे ह्याच पट्ट्यांत येतात. बीडच्या अंगणांतून दक्षिणेकडे पाहिलें असतां हा पट्टा क्षितिज आणि डोक्यावरचें आकाश यांच्या साधारण मधोमध दिसतो.

काम कसें चाले? वीतभरहून किंचित् लहान अशी चौकोनी काच. तिच्यावर आधींच बारीक चौकड्यांची जाळी छापून घेतलेली. एकाच काचेवर एकाच आकाशखंडाचें सहा मिनिटें, तीन मिनिटें आणि वीस सेकंद असें तीनदां चित्र घ्यावयाचें. म्हणजे प्रत्येक ठळक तारा तीन ठिपक्यांनीं दिसे, आणि काचेवरचा धुळीचा कण एकटाच राहून पकडला जाई. मग सूक्ष्मदर्शकाखालीं एकेका ताऱ्याचें स्थान मोजावयाचें आणि वहींत लिहावयाचें. चॅटवुड यांनीं आरंभ केला, पोकॉक यांनीं तें नेटानें पुढें नेलें आणि १९१८ मध्यें ते वारले, त्यानंतर टी. पी. भास्करन् यांनीं १९४४ पर्यंत धुरा वाहिली. जर्मनीतील पोट्सडाम वेधशाळेचा अपुरा राहिलेला उत्तरेकडचा ३६ ते ३९ अंशांचा भागहि ह्याच वेधशाळेनें घेतला. बारा खंड, साडेसात लाखांहून अधिक ताऱ्यांचीं स्थानें. शेवटचा खंड १९४६ सालचा.

हे खंड कपाटांतच राहिले असें कोणी समजूं नये. युरोपच्या हिप्पार्कस ह्या उपग्रहानें १९८९ ते १९९३ ह्या काळांत ताऱ्यांचीं स्थानें अतिशय सूक्ष्मपणें मोजलीं. पण तारा किती सरकला हें कळावयास त्याचें जुनें स्थान हवें. तें जुनें स्थान ह्या काचांच्या मोजमापांतून आलें. २००० सालीं जी पंचवीस लाख ताऱ्यांची टायको-२ सूची तयार झाली, तिच्यांत हैद्राबादचेहि ठिपके आहेत.

आज बीडच्या गच्चीवर उभा राहून खिशांतल्या टेलिफोननें चंद्राचें चित्र घेणाऱ्या मुलाला वीस मिनिटें थांबावें लागत नाहीं, एका निमिषांत काम होतें. त्याला मी एकच गोष्ट सुचवीन: पौर्णिमेची वाट पाहूं नये. पौर्णिमेला प्रकाश समोरून पडतो, डोंगरांच्या सावल्या नाहींशा होतात आणि चंद्र चुना फासल्यासारखा दिसतो. शुद्ध अष्टमीच्या सुमारास उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या कडा उठून दिसतात. आणि चित्राबरोबर गांव, तारीख, वेळ, भिंग व प्रकाश देण्याचा काळ लिहून ठेवावा. तळणीची काच शंभर वर्षांनंतरहि बोलते ती अशा टिपणांमुळें.

बेगमपेठेस पुढें विमानतळ झाला, शहराचे दिवे वाढले, आणि १९६८ सालीं हैद्राबादजवळ जपाल-रंगापूरला अठ्ठेचाळीस इंची दुर्बीण बसली. १६ फेब्रुवारी १९८० रोजीं चंद्राची सावली पुन्हा जुन्या हैद्राबाद राज्यावरून गेली, आणि ह्या खेपेस ती नेमकी जपाल-रंगापूरच्या वेधशाळेवरूनच गेली. ह्या वेळीं तिची वाट दक्षिणेकडून होती. बीडला ग्रहण खंडग्रास दिसलें. त्या दुपारीं कित्येक शहरांत रस्ते ओस होते, खिडक्या लावलेल्या होत्या, आणि दूरदर्शननें लोकांना घरांत बसविण्यासाठीं चित्रपट दाखविला होता.