विंचवाच्या रात्रीचे पाच गुण

इंग्रजीच्या परीक्षेत कठीण कविता आली की आमच्या पिढीतल्या खेड्यातल्या पोरांचा एक ठरलेला उपाय असे. गाइडमधला सारांश पाठ करायचा, 'कवीला असे सांगायचे आहे की' इथून सुरुवात करायची आणि देवाच्या भरवशावर पेपर टाकून यायचं. मीही त्याच वाटेनं बारावीपर्यंत आलो होतो. १९८८ साली एका कवितेनं ती वाट अडवली.

कविता होती निस्सीम इझिकेल यांची 'नाइट ऑफ द स्कॉर्पियन'. आमच्या पुस्तकात ती नव्हती. न वाचलेल्या कवितेवर उत्तर लिहिण्याचा सराव व्हावा म्हणून आमच्या सरांनी ती सायक्लोस्टाइल करून वाटली. खाली पाच गुणांचा प्रश्न होता : या कवितेतील विज्ञान आणि अंधश्रद्धा यांचा संघर्ष स्पष्ट करा.

कवितेतली हकिगत साधी. पावसाची झड लागलेली. तांदळाच्या पोत्याखाली दडलेला विंचू आईला डसतो. शेजारपाजारचे शेतकरी कंदील घेऊन धावत येतात, देवाचं नाव घेतात, गेल्या जन्मीच्या पापाच्या गोष्टी करतात. वडील बुद्धिवादी, तेही चूर्ण, काढा, जडीबुटी सगळं करून पाहतात आणि शेवटी आईच्या अंगठ्यावर पॅराफिन ओतून काडी लावतात. मांत्रिक मंत्र म्हणतो. वीस तासांनी विष उतरतं. शेवटच्या तीन ओळी वेगळ्या ठेवल्या आहेत. त्यात आई देवाचे आभार मानते, कारण विंचू तिला चावला, लेकरांना नाही.

शब्दांच्या दृष्टीनं अडला तो एकच, पॅराफिन. सरांनी अर्थ सांगितला, मेण. शब्दकोशातही तोच सापडला. अंगठ्यावर मेण ओतून पेटवायचं कसं, हे काही केल्या कळेना. फार पुढे समजलं की ब्रिटिश इंग्रजीत पॅराफिन म्हणजे आपलं रॉकेल. ते कळलं आणि मी हसलोही, गप्पही झालो. कारण ते रॉकेल मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

मी आठ वर्षांचा होतो. पाथरी तालुक्यातलं आमचं गाव, श्रावणातला पाऊस. सरपणात हात घालताना अम्मीला विंचू चावला. घटकाभरात अंगणात माणसं मावेनात. शेजारच्या काकूंनी चिंचोका उगाळून चिकटवला. कुणी आघाड्याची मुळी आणली. मारुतीच्या देवळातले गुरवमामा विंचू उतरवायला बसले, आणि ते उठले की मशिदीतले मौलवीसाहेब पाण्यावर दम करून देत. दोघांत मिळून एकच कंदील होता. अब्बांचं शिक्षण निजामाच्या काळात उर्दूतून झालेलं. त्यांचा यातल्या कशावरच विश्वास नव्हता, आणि त्या रात्री त्यांनी सगळंच करू दिलं. शेवटी रॉकेलची बाटली उचलली. तेव्हा रात्रभर कण्हणारी अम्मी पहिल्यांदा स्पष्ट बोलली, "राकेल नक्को डालो, रेशन का है."

पुढे दहा वर्षांनी मी उत्तरपत्रिकेत लिहिलं की या कवितेत संघर्ष नाही. त्या घरातला प्रत्येक माणूस एकच काम करतो आहे, बाईची वेदना कमी करण्याचं. मांत्रिकाचा मंत्र आणि वडिलांची काडी यांत फरक दिसत नाही. माझ्या मोडक्या इंग्रजीत हे किती उतरलं, अल्ला जाणे. पाचपैकी दीड गुण मिळाला आणि शेरा होता, प्रश्नाला सोडून लिहिले आहे. तो दीड गुण बरेच दिवस मला लागून राहिला. आपल्याला कविता कळत नाही, अशी माझी खात्री झाली होती.

नंतर कवीविषयी वाचत गेलो. इझिकेल मुंबईचे, १९२४ साली जन्मलेले, बेने इस्रायली. म्हणजे शेकडो वर्षांपूर्वी कोकणात येऊन तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनिवार तेली' म्हटले गेलेले मराठी बोलणारे ज्यू. वडील विल्सन कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, आई शाळा चालवणारी. ते १९४८ ला लंडनला गेले आणि १९५२ ला मालवाहू जहाजावर काम करत परत आले. ही कविता १९६५ च्या 'द एक्झॅक्ट नेम' या संग्रहातली. पुढे त्यांनी इंदिरा संतांच्या कविता वृंदा नाबर यांच्यासह इंग्रजीत नेल्या. २००४ साली ते गेले. घरातली, शेजारातली आणि लिहिण्यातली भाषा वेगवेगळी असलेला हा माणूस मला एकदम जवळचा वाटला. माझंही तसंच होतं. घरात दखनी, शाळेत मराठी, भीती इंग्रजीची.

पण माझ्या दीड गुणाचा खरा निकाल कवितेच्या पुस्तकात लागला नाही. तो लागला वैद्यकाच्या इतिहासात. आजच्या जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर १९७० च्या दशकात महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात गेले. कोकणातल्या लाल विंचवानं माणसं पटापट दगावत, आणि नेमकं कशानं हे ठाऊक नव्हतं. बावस्करांनी रात्र-रात्र रुग्णांजवळ बसून नोंदी केल्या. विष हृदयावर हल्ला करतं, फुप्फुसात पाणी भरतं, हे त्यांनी दाखवलं. 'लॅन्सेट' या ब्रिटिश नियतकालिकात १९८२ साली त्यांची निरीक्षणं आली. रक्तदाबावरच्या प्रॅझोसिन या गोळीनं रुग्ण वाचतात, हे त्यांनी १९८६ साली तिथंच मांडलं. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी साधारण तिसरा हिस्सा जात असे. तो आकडा शंभरात मोजक्यांवर आला. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता तारखा शेजारी ठेवून पाहा. कविता १९६५ च्या संग्रहातली, गोळी १९८० च्या दशकातली. म्हणजे कवितेतल्या त्या रात्री विज्ञानाकडे उत्तरच नव्हतं. वडिलांची काडी हे विज्ञान नव्हतं, तीही घाबरलेल्या माणसाची धडपड होती. 'विज्ञान विरुद्ध अंधश्रद्धा' हा प्रश्नच चुकीचा होता. विज्ञान त्या घरात पोचायचं होतं, आणि पोचलं ते आपल्याच मराठवाड्यातल्या एका डॉक्टरच्या हातून.

हीच कविता २००० च्या दशकात ब्रिटनमधली हजारो मुलं जीसीएसई परीक्षेसाठी 'इतर संस्कृतींमधल्या कविता' म्हणून अभ्यासत होती. त्यांना विंचू परका, पोतं परकं, मांत्रिक परका. आम्हाला यातलं काहीच परकं नव्हतं. सप्ताहात एकनाथांचं विंचवाचं भारूड ऐकत आम्ही वाढलो. त्यातला विंचू काम-क्रोधाचा आहे आणि उतारा सत्त्वगुणाचा, हे अडाणी बाईसुद्धा सांगेल. तरी परीक्षेत आम्ही त्या मुलांसारखेच बाहेरून पाहणारे झालो, कारण घरचं उत्तर इंग्रजीच्या पेपरात चालतं, असं कुणी सांगितलंच नव्हतं.

आता गल्लीतली मुलं इंग्रजी कविता घेऊन माझ्याकडे येतात. मी आधी विचारतो, यातलं तू काय पाहिलं आहेस? ते लिही. मग गाइड उघड. गुण किती पडतील याची हमी मी देत नाही.

अम्मी आता नाही. कवितेतल्या आईचं शेवटचं वाक्य मी तिला एकदा दखनीत सांगितलं होतं. ती म्हणाली, "सच्ची बोली बिचारी. मेरेको उस वखत राकेल का ख्याल आया, तुम लोगां का नहीं." आणि खूप वेळ हसत राहिली.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)