नौकांची जलयोग्यता आणि सुरक्षा प्रमाणपत्र : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

मालेगाव हे मोसम व गिरणा या नद्यांच्या सान्निध्यात वसलेले शहर. समुद्रापासून दूर असलेल्या या परिसरात नौकेच्या सुरक्षिततेचा विचार सहसा होत नाही. परंतु धरणांच्या जलाशयांमुळे अंतर्भागातही विस्तृत पाणी निर्माण झाले आणि त्याबरोबर प्रवासी होड्या व नौकाविहारही आले. त्यामुळे नौकेच्या प्रमाणपत्राचा प्रश्न केवळ कोकणापुरता मर्यादित राहिलेला नाही. प्रस्तुत लेखात या प्रमाणपत्राच्या स्वरूपाचा महाराष्ट्रातील घटनांच्या आधारे आढावा घेतला आहे.

कायद्याची वाटचाल

नौकेत किती भार भरावा यावर कायद्याचे बंधन असावे, हा विचार इंग्लंडमध्ये सॅम्युअल प्लिमसॉल यांनी चिकाटीने मांडला. त्यातून १८७६ च्या कायद्यान्वये जहाजाच्या बाजूवर भाररेषा दाखविणे बंधनकारक झाले. भारतात नद्या व खाड्यांतील आगबोटींसाठी १९१७ चा अंतर्देशीय वाफनौका कायदा करण्यात आला. त्यानुसार मिळणारे तपासणी प्रमाणपत्र जास्तीत जास्त एक वर्ष वैध असे. नौका कोणत्या हद्दीपर्यंत चालविण्यास योग्य आहे आणि तिने किती प्रवासी न्यावेत, याची नोंद त्यात असे. ऋतुमान व प्रवासाचे स्वरूप यांनुसार प्रवासीसंख्या बदलत असल्यास तोही उल्लेख करावा लागे. म्हणजे नौका सुरक्षित आहे, एवढेच विधान प्रमाणपत्र करीत नव्हते. ती कोणत्या अटींवर सुरक्षित आहे, हे ते सांगत होते. मात्र नावाप्रमाणेच हा कायदा मूलतः वाफेवर चालणाऱ्या नौकांचा होता. वल्ह्यांच्या व शिडाच्या होड्या त्याबाहेर राहिल्या.

ऋतू, संख्या आणि पाणी

या अटींचे महत्त्व तीन घटनांवरून स्पष्ट होते. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ आगबोट ऐन पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रात बुडाली. सहाशेहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. बोटीची प्रवासीक्षमता सुमारे एक हजार होती; म्हणजे संख्येच्या दृष्टीने ती भरलेली नव्हती. लाटेच्या तडाख्यानंतर प्रवासी एका बाजूस धावले आणि बोट कलंडली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नसल्याने मदतीची हाकही देता आली नाही. येथे निर्णायक ठरला तो ऋतू.

१८ डिसेंबर २०२४ रोजी गेट वे ऑफ इंडियाहून घारापुरीस निघालेल्या ‘नीलकमल’ लाँचला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली व १५ जणांचा मृत्यू झाला. दुर्घटनेचे मूळ कारण धडक हेच होते. तथापि ८४ प्रवासी व ६ कर्मचारी यांची परवानगी असलेल्या लाँचमध्ये शंभराहून अधिक माणसे होती, ही बाबही दुर्लक्षिता येत नाही. संख्येची अट कागदावरच राहिली होती.

तिसरी घटना अंतर्भागातील आहे. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगाव ते कळाशी या मार्गावरील होडी वादळी वाऱ्यात उलटून ६ जण बुडाले. जलाशयाचे पाणी नेहमी शांत दिसते. पण विस्तृत उघड्या पाण्यावर वारा सुटल्यास लहान होडीला उसळणाऱ्या लाटाही धोकादायक ठरतात.

आधुनिक वर्गीकरण

पाण्याच्या स्वरूपानुसार नौकेची पात्रता ठरविण्याचे तत्त्व युरोपात विहारनौकांना लागू करण्यात आले. १९९४ च्या निर्देशाने २.५ ते २४ मीटर लांबीच्या नौकांचे ‘अ’ ते ‘ड’ असे चार वर्ग करण्यात आले. खुल्या महासागरासाठी पहिला, तर आश्रित पाण्यासाठी शेवटचा वर्ग आहे. भारताच्या अंतर्देशीय नौका अधिनियम, २०२१ मध्येही जलक्षेत्रांची विभागणी करण्याची तरतूद असून त्याखालील नियमांत लाटांची उंची अनुक्रमे २, १.२ व ०.६ मीटर धरून तीन क्षेत्रे मानली आहेत. यंत्राशिवाय चालणाऱ्या होड्यांचाही या अधिनियमात प्रथमच स्वतंत्र विचार झाला असून त्यांच्या नोंदणीचे काम स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपविण्याची तरतूद आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, कायद्यात अटींचा अभाव कधीच नव्हता. १९१७ च्या प्रमाणपत्रातही हद्द, संख्या व ऋतू यांना स्थान होते. उणीव राहिली ती दोन ठिकाणी : लहान होड्या दीर्घकाळ कायद्याबाहेर राहिल्या आणि ज्या नौकांना कायदा लागू होता, त्यांच्या अटी धक्क्यावर पाळल्या गेल्या नाहीत. प्रमाणपत्र तपासणीच्या दिवशी दिले जाते; त्याची परीक्षा मात्र प्रत्येक फेरीत होते. नाशिक जिल्ह्यातील जलाशयांच्या काठी ही जबाबदारी आता गावपातळीवरील संस्थांपर्यंत पोहोचते. म्हणून त्या होडीवर आसनसंख्या ठळकपणे लिहिणे, वारा सुटताच फेरी थांबविणे आणि प्रत्येक प्रवाशास जीवरक्षक जाकीट देणे, या साध्या गोष्टींतच शतकभराच्या या कायद्याचा आशय सामावलेला आहे.