सौदा माणसाचा, आकार नियमाचा

२०१३ च्या उन्हाळ्यात बोस्टन सेल्टिक्सने केव्हिन गार्नेट आणि पॉल पिअर्स हे आपले दोन म्हातारे सिंह ब्रुकलिन नेट्सला दिले. गार्नेट तेव्हा ३७ वर्षांचा होता, पिअर्स ३५ चा. बदल्यात बोस्टनला काही खेळाडू मिळाले आणि ब्रुकलिनच्या २०१४, २०१६ व २०१८ या तीन वर्षांच्या ड्राफ्टमधल्या, म्हणजे लीगमध्ये येणाऱ्या नव्या खेळाडूंच्या वार्षिक वाटपातल्या, पहिल्या फेरीच्या निवडी मिळाल्या. शिवाय २०१७ साली दोन्ही संघांच्या निवडींची अदलाबदल करण्याचा हक्कही मिळाला. एनबीएच्या इतिहासातला सर्वांत एकतर्फी ट्रेड म्हणून याची चर्चा होते आणि ती बहुधा दोन माणसांवर येऊन थांबते : बोस्टनचा डॅनी एंज किती धूर्त आणि ब्रुकलिनचा बिली किंग किती भोळा. पण त्या वर्षांकडे नीट पाहिले तर वेगळाच प्रश्न पडतो. १४, १६, १८ अशी एक वर्ष सोडून वर्षे का? आणि २०१७ ला निवड न घेता फक्त अदलाबदलीचा हक्क का? याचे उत्तर एंजच्या डोक्यात सापडत नाही, ते नियमांच्या पुस्तकात सापडते. माझे म्हणणे असे, की व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये संघ कसे बांधले गेले हा प्रामुख्याने त्या त्या काळच्या नियमांचा इतिहास आहे, आणि ते नियम खेळाडू व मालक यांच्यातल्या दीर्घ ओढाताणीतून आले आहेत. चतुर व्यवस्थापकांच्या गोष्टी त्यानंतर येतात. हे तपासायला बोस्टनइतके चांगले उदाहरण नाही, कारण ज्या सौद्यांनी दंतकथा घडवल्या त्यांतले बरेचसे याच शहराने केले.

सुरुवात १९५६ पासून करू. त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये बिल रसेल हा महाविद्यालयीन बास्केटबॉलमधला सर्वांत मोठा बचावपटू उपलब्ध होता. बोस्टनचा प्रशिक्षक रेड आवरबॅक याला तो हवा होता, पण बोस्टनकडे त्याच्यापर्यंत पोहोचणारी निवड नव्हती. तेव्हा ‘प्रादेशिक निवड’ असा एक नियम होता : आपल्या शहराच्या आसपासच्या महाविद्यालयातला खेळाडू संघाला ड्राफ्टआधीच उचलता येई, मात्र मग पहिल्या फेरीतली आपली नेहमीची निवड सोडावी लागे. स्थानिक खेळाडूमुळे प्रेक्षक येतील, हा त्यामागचा हिशेब. बोस्टनने हा हक्क मॅसॅच्युसेट्सच्याच होली क्रॉस महाविद्यालयातल्या टॉम हाइन्सोनसाठी वापरला. रसेलसाठी आता दुसऱ्या कुणाची तरी निवड मिळवणे भाग होते. दुसरा क्रमांक सेंट लुई हॉक्सकडे होता. बोस्टनने त्यांना एड मकॉली हा नावाजलेला खेळाडू दिला आणि सैन्यातली सेवा करून येणाऱ्या क्लिफ हेगनवरचा हक्कही दिला. पहिला क्रमांक असलेल्या रॉचेस्टर रॉयल्सने सिह्यूगो ग्रीनला घेतले आणि रसेल बोस्टनला आला. पुढच्या १३ हंगामांत त्याने ११ अजिंक्यपदे मिळवली.

ही कथा आवरबॅकच्या दूरदृष्टीची म्हणून सांगितली जाते, आणि दूरदृष्टी त्यात होतीच. पण दोन गोष्टी त्या कथेतून गळतात. पहिली, हॉक्स फसले नव्हते. १९५७ च्या अंतिम मालिकेत ते सातव्या सामन्यात दुसऱ्या जादा डावापर्यंत बोस्टनशी झुंजले, आणि १९५८ साली त्यांनी बोस्टनलाच हरवून अजिंक्यपद घेतले. त्या संघात हेगन आणि मकॉली दोघेही होते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची : हा व्यवहार ज्याच्यावरून झाला त्या रसेलला कुणी विचारले नाही. सेंट लुई तेव्हा वर्णभेदाने विभागलेले शहर होते; एका कृष्णवर्णीय खेळाडूने कुठे राहायचे, कुठल्या हॉटेलात जेवायचे, हे प्रश्न तिथे रोजचे होते. तो तिथे न जाता बोस्टनला गेला हे दोन मालकांच्या गरजा जुळल्यामुळे. मकॉलीचे घर सेंट लुईला होते, त्याचा लहान मुलगा गंभीर आजारी होता आणि त्याला स्वतःला हा बदल हवा होता. त्याची इच्छा आणि मालकांचा सोयीचा सौदा एका दिशेला गेले हा योग होता. हक्क म्हणावे असे त्याच्या हातात काहीच नव्हते.

हक्क नव्हता, कारण करारात ‘राखीव कलम’ होते. करार संपला तरी खेळाडू त्याच संघाचा राही; संघ त्याला ठेवू शके, विकू शके, बदलू शके, पण खेळाडू स्वतः दुसरीकडे जाऊ शकत नसे. या बंधनाला पहिला मोठा धक्काही बोस्टनमध्येच बसला. १४ जानेवारी १९६४ रोजी बोस्टन गार्डनमध्ये ऑल-स्टार सामना होता. बाहेर हिमवादळ होते, आत दूरचित्रवाणीचे कॅमेरे सज्ज होते आणि ड्रेसिंगरूममध्ये वीस खेळाडू दार लावून बसले होते. त्यांची मागणी निवृत्तिवेतनाची आणि संघटनेला मान्यता देण्याची होती. खेळाडूंच्या संघटनेचा तेव्हाचा अध्यक्ष हाइन्सोन होता, त्याच प्रादेशिक निवडीतून बोस्टनला आलेला. लेकर्सच्या मालकाने आपल्या खेळाडूंना धमकीवजा निरोप पाठवला; खेळाडू हलले नाहीत. अखेर लीगचे अध्यक्ष वॉल्टर केनेडी यांनी शब्द दिला, तेव्हाच सामना सुरू झाला. सौद्यांच्या इतिहासात या संध्याकाळचा उल्लेख क्वचित येतो. माझ्या मते तो पहिल्या पानावर यायला हवा, कारण पुढच्या सगळ्या सौद्यांची चौकट बदलायला तिथून सुरुवात झाली.

१९७० साली संघटनेचा अध्यक्ष ऑस्कर रॉबर्टसन याने एनबीएवर खटला भरला. एबीए या प्रतिस्पर्धी लीगशी विलीनीकरण करून मालक खेळाडूंच्या सेवेचा एकच खरेदीदार उरवू पाहत आहेत आणि राखीव कलम स्पर्धेच्या कायद्याविरुद्ध आहे, असा त्याचा दावा होता. तडजोड १९७६ साली झाली. एबीएचे चार संघ एनबीएत आले, राखीव कलम गेले आणि करार संपलेल्या खेळाडूला दुसऱ्या संघाशी बोलणी करता येऊ लागली. पण मालकांनी एक अडसर शिल्लक ठेवला : खेळाडू घेणाऱ्या संघाने त्याच्या जुन्या संघाला भरपाई द्यायची.

आता १९८० चा प्रसिद्ध सौदा या प्रकाशात पाहा. बोस्टनने गोल्डन स्टेट वॉरियर्सला ड्राफ्टमधला पहिला आणि तेरावा क्रमांक दिला. बदल्यात रॉबर्ट पॅरिश आणि तिसरा क्रमांक घेतला, त्या तिसऱ्यावर केव्हिन मकहेलला निवडले. वॉरियर्सच्या वाट्याला जो बॅरी कॅरोल आणि रिकी ब्राउन आले. लॅरी बर्ड, पॅरिश, मकहेल या त्रयीने १९८१, १९८४ आणि १९८६ ची अजिंक्यपदे जिंकली. पण अजिंक्यपदाच्या लायकीच्या संघाकडे पहिला क्रमांक आलाच कसा? १९७९ साली बोस्टनने डेट्रॉइटचा करारमुक्त खेळाडू एम. एल. कार याला घेतले. भरपाई देणे आले. ती ठरवताना दोन्ही संघांनी व्यवहार वाढवला : बोस्टनने आपल्याला नकोसा झालेला बॉब मॅकअडू डेट्रॉइटला दिला आणि उलट त्यांच्याकडून पुढच्या वर्षीच्या पहिल्या फेरीच्या दोन निवडी घेतल्या. डेट्रॉइट त्या हंगामात ८२ पैकी १६ सामने जिंकले आणि, तळाचे संघ आधी निवडत असल्याने, त्यांची निवड पहिल्या क्रमांकाची ठरली. म्हणजे रॉबर्टसनच्या तडजोडीतून उरलेल्या भरपाईच्या नियमाने दार उघडले आणि आवरबॅक त्यातून आत गेला. बर्डही असाच आला : त्याच्या मूळ तुकडीची चार वर्षे १९७८ मध्ये पूर्ण होत होती, म्हणून महाविद्यालयातले एक वर्ष बाकी असतानाच त्याला निवडता आले. बोस्टनने सहाव्या क्रमांकावर त्याला घेऊन वर्षभर वाट पाहिली. नंतर लीगने ही पळवाट बंद केली.

त्याच सुमारास क्लीव्हलँडमध्ये उलटे घडत होते. १९८० साली कॅव्हेलियर्स विकत घेणाऱ्या टेड स्टेपियनने पहिल्या फेरीच्या निवडी मध्यम कुवतीच्या खेळाडूंसाठी एकामागून एक देऊन टाकल्या. त्यांतून डॅलस मॅव्हरिक्सने डेरेक हार्पर आणि सॅम पर्किन्ससारखे खेळाडू मिळवले. संघाचे भविष्यच गहाण पडू लागल्यावर लीगने मध्ये पडून त्याच्या व्यवहारांना लगाम घातला आणि पुढे नियम केला : येणाऱ्या सलग दोन वर्षांत संघाकडे पहिल्या फेरीची एकही निवड नाही, अशी स्थिती आणणारा ट्रेड करता येणार नाही. हा नियम आजही स्टेपियनच्या नावाने ओळखला जातो. २०१३ च्या कोड्याचे उत्तर इथे आहे. ब्रुकलिनला सलग वर्षांच्या निवडी देता येत नव्हत्या, म्हणून १४, १६, १८. आणि मधल्या २०१७ मध्ये अदलाबदल, कारण अदलाबदलीत काही ना काही निवड हातात राहतेच. २०१७ मध्ये ब्रुकलिनची निवड पहिल्या क्रमांकाची निघाली. बोस्टनने ती फिलाडेल्फियाला देऊन तिसऱ्या क्रमांकावर जेसन टेटमला घेतले. २०१६ च्या निवडीतून जेलन ब्राउन आधीच आला होता. या दोघांनी २०२४ साली बोस्टनचे अठरावे अजिंक्यपद आणले.

वेतनमर्यादेचेही तसेच. १९८३ साली अनेक संघ डबघाईला आले असताना खेळाडूंनी पगारावर मर्यादा मान्य केली आणि बदल्यात लीगच्या ठरावीक उत्पन्नाच्या ५३ टक्के वाट्याची हमी मिळवली. १९८४–८५ ची मर्यादा ३६ लाख डॉलर होती. तेव्हापासून ट्रेडमध्ये गुणांइतकेच पगारही जुळवावे लागू लागले. १९९७ साली मिनेसोटाने गार्नेटशी सहा वर्षांचा १२ कोटी ६० लाख डॉलरचा करार केला तेव्हा मालक हादरले. १९९८–९९ च्या टाळेबंदीत हंगाम ५० सामन्यांवर आला आणि एका खेळाडूच्या पगारालाही कमाल मर्यादा आली. २००७ साली हाच गार्नेट बोस्टनला आला तेव्हा मिनेसोटाला पाच खेळाडू आणि दोन निवडी गेल्या. त्या पाचांत थिओ रॅटलिफ होता, दुखापतीमुळे आधीचा जवळजवळ सगळा हंगाम बाहेर बसलेला. त्याचे मोल त्याच्या कराराच्या शेवटच्या वर्षात होते : मोठा पगार, जो हिशेब जुळवील आणि वर्षभरात संपेल. २४ विजयांवरून ६६ विजयांवर गेलेल्या आणि २००८ चे अजिंक्यपद जिंकलेल्या संघामागे हा न खेळलेला करारही उभा आहे.

यावर सरळ आक्षेप असा, की नियम तर सगळ्यांना सारखेच होते. मग बोस्टनच का जिंकले? आक्षेप खरा आहे आणि त्याला टाळून चालणार नाही. नियम निवड करत नाही, माणूस करतो. मकहेल ओळखणे, टेटम तिसऱ्या क्रमांकावरही मिळेल हे हेरणे, ही पारख आहे आणि तिचे श्रेय द्यायलाच हवे. पण पारख कुठे चालवता येईल हे नियम ठरवतो, आणि निकालात दैवाचा वाटाही मोठा असतो. डेट्रॉइट इतके कोसळेल किंवा ब्रुकलिन २०१६–१७ मध्ये अवघे २० सामने जिंकेल, हे कोणाच्या हातात नव्हते. शिवाय निकाल कळल्यावर लावलेला निवाडा त्या वेळच्या शहाणपणाचे माप नसतो. नुकताच ब्रुकलिनला आलेला, नव्या मैदानासाठी नाव हवे असलेला, मालकाला लगेच अजिंक्यपद हवे असलेला तो संघ होता. त्याचा जुगार फसला. तरी पहिल्या वर्षी ४४ विजय आणि प्ले-ऑफमधली एक मालिका त्याच्या पदरी पडली. मूर्ख म्हणून मोकळे होण्याने आपल्याला काहीच कळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोचरा आहे : कोट्यवधी डॉलर घेणाऱ्या खेळाडूंच्या हक्कांसाठी गळा काढायचे कारण काय? कारण पैसा आणि संमती या निराळ्या गोष्टी आहेत. आयझाया थॉमसने २०१७ च्या प्ले-ऑफच्या तोंडावर धाकटी बहीण अपघातात गमावली, तरी तो बोस्टनसाठी दुखऱ्या कमरेनिशी खेळला. ऑगस्टमध्ये त्याला क्लीव्हलँडला पाठवण्यात आले. नियमाप्रमाणे हे निर्दोष होते. करारात ट्रेड नाकारण्याचा हक्क मागता यायला लीगमध्ये आठ वर्षे आणि त्याच संघात चार वर्षे लागतात, आणि तेव्हाही तो मोजक्यांनाच मिळतो. गार्नेटकडे २०१३ मध्ये तो होता, म्हणून ब्रुकलिनला जाण्याआधी त्याचा होकार घ्यावा लागला. ५७ वर्षांपूर्वी रसेलच्या वाट्याला न आलेला तो प्रश्न गार्नेटला विचारला गेला, कारण मधल्या काळात बोस्टन गार्डनची ती संध्याकाळ आणि रॉबर्टसनचा खटला झाला होता.

म्हणून ‘हा ट्रेड कोण जिंकले’ या वादात पहिला प्रश्न असा असावा : त्या दिवशी नियम काय करू देत होते, आणि तो नियम कोणाच्या हितासाठी लिहिला गेला होता? लीग आणि खेळाडूंमधल्या २०२३ च्या करारातली ‘दुसरी ॲप्रन’ ही नवी पगाररेषा ओलांडणाऱ्या संघाला दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून मोठा खेळाडू घेता येत नाही. २०२४ च्या विजेत्या बोस्टनने वर्षभरातच ज्रू हॉलिडे आणि क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस यांना सोडले ते या रेषेमुळे. एखाद्याला व्यवस्थापक घाबरला असे वाटेल. प्रत्यक्षात श्रीमंत मालकांनी एकमेकांना रोखण्यासाठी आखलेल्या रेषेने एक अजिंक्य संघ मोडला आणि दोन खेळाडूंनी आपली घरे हलवली. संघबांधणीवर मनापासून वाद घालणाऱ्याने गुणतक्ता वाचावा तसा लीग आणि खेळाडूंमधला करारही वाचावा. पुढचा मोठा सौदा कसा दिसेल हे त्या करारातच आधी लिहिले जाते, आणि तो बदलायची ताकद वाटाघाटीच्या टेबलावर बसणाऱ्या खेळाडूंकडेही आहे, हे १९६४ पासून वारंवार सिद्ध झाले आहे.