‘सामान्य’ माणूस कोणी ठरवला?

आरक्षणाचा विषय निघाला की गुणवत्तेचा मुद्दा हमखास पुढे केला जातो. प्रतिनिधित्व दिले की दर्जा घसरतो, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वैद्यकशास्त्राच्या अलीकडच्या इतिहासात मात्र प्रतिनिधित्व नाकारल्यामुळेच दर्जा घसरलेला दिसतो.

हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी हा हृदयाचा स्नायू जाड करणारा आनुवंशिक आजार. तो साधारण 500 पैकी एकाला होतो. तरुण खेळाडू मैदानात अचानक कोसळतो, तेव्हा कधी कधी कारण हेच असते. या आजाराचे पहिले जनुक 1990 मध्ये सापडले आणि पुढे अनेक जनुकीय बदल त्याच्या खात्यावर जमा झाले. बदल रुग्णांत दिसला आणि निरोगी लोकांच्या गटात दिसला नाही, की त्यावर ‘घातक’ असा शिक्का बसण्याची शक्यता वाढे. पण हे निरोगी लोक कोण होते? बहुतेक युरोपीय वंशाचे गोरे.

2016 मध्ये हार्वर्डच्या अर्जुन मनराई आणि सहकाऱ्यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ही चूक उघड केली. घातक ठरवलेले काही बदल कृष्णवर्णीय अमेरिकनांत इतके सर्रास होते, की त्यांनी हा आजार होणे शक्यच नव्हते. तरीही काही कृष्णवर्णीय रुग्णांना ‘घातक’ असे अहवाल मिळाले होते. असा अहवाल एकट्या रुग्णापुरता राहत नाही. त्याच्या आधारे भावंडांची, मुलांची तपासणी होते. तुलनेच्या गटात थोडे जरी कृष्णवर्णीय असते, तरी अशा चुका टळल्या असत्या, असे या अभ्यासातून दिसले.

यावर कुणी म्हणेल, बघा, रक्तच वेगळे! तसे नाही. तेच बदल अनेक समूहांत कमी-जास्त प्रमाणात असतात. दोष रक्तात नव्हता, तुलनेसाठी माणसे निवडण्यात होता. जात म्हणजे वंशाची विभागणी नव्हे, हे बाबासाहेबांनी 1936 मध्येच ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये मांडले आहे.

आज ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पात सुमारे 10,000 भारतीयांच्या जनुकांचे वाचन झाले आहे. पाऊल स्वागतार्हच. पण वस्ती, वाडा, पाडा त्यात किती, हे आपण विचारलेच पाहिजे. आणि जनुकीय चाचणीचा अहवाल हाती आला, की डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: ही तुलना कोणाशी केली?

प्रतिनिधित्व ही कुणाची मेहेरबानी नाही. ते नसेल तर विज्ञानाचेही उत्तर चुकते.